गुंजनला कोण सांगणार

सगळं ठरलं होतं. रविवारी ढाणकीहून मोजकी माणसं गाडीनं येणार, अंगणात हार घालून सुरभीचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागणार, जेवणं उरकणार आणि दुपार कलायच्या आत ती त्यांच्यासोबत निघून जाणार. साडी आली होती. बांगड्या भरून झाल्या होत्या. राहिलं होतं ते एकच काम, आणि ते कोणाच्याच्यानं होत नव्हतं. नऊ वर्षांच्या गुंजनला सांगायचं होतं की तुझी आई चालली, आणि तू इथंच राहणार.

असल्या वेळी अक्कल शिकवायला गाव नेहमीच मोकळं असतं. शेजारची मैनाबाई तर सकाळ-संध्याकाळ येऊन ओट्यावर बसायची.

"सांगू-बिंगू नको वं," ती सुरभीला म्हणायची. "पोरगी रडन, पाय धरन, पाहुण्यासमोर तमाशा होईन. अन् पहिल्या घरच्या लेकरानं मायचा पाट डोळ्यानं पाहू नाही, आपल्यात चालत नाही ते. आत्याकडं धाडून द्या दोन दिवस. वापस येईन तं आई गेली राहीन. रडन आठ-पंधरा दिवस, मंग विसरन."

विसरेल म्हणे! मैनाबाईला स्वतःच्या बापानं जत्रेत न घेतलेली बांगडी साठाव्या वर्षीही आठवत होती, पण दुसऱ्याच्या लेकरानं मात्र आई आठ-पंधरा दिवसांत विसरायची.

तानाबाईला मात्र ते पटलं होतं. तानाबाई म्हणजे सुरभीची सासू. बाई वाईट नव्हती, उलट अशी सासू शोधून सापडायची नाही. पाटाचा विषय तिनंच काढला होता. शाम, तिचा एकुलता एक मुलगा, गेल्याला दीड वर्ष होत आलं तेव्हा एका संध्याकाळी चुलीपाशी बसून ती सुनेला म्हणाली, "आमी बुढा-बुढी आज हाओत, उद्या नाही. तू काय जनमभर आमच्याच भाकरी थापशीन? लेक देतात तशी देतो तुले." मारोतराव, सासरा, बाहेर खाटेवर बसून ऐकत होता. तो दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला.

पण गुंजनचं नाव निघालं की तानाबाई दगडासारखी व्हायची. "शामची तेवढीच खूण हाये. ते नाही देणार मी." आणि ढाणकीवाल्यांनी तिला मागितलीही नव्हती. प्रफुलला, म्हणजे होणाऱ्या नवऱ्याला, वारलेल्या पहिल्या बायकोचा तीन वर्षांचा मुलगा होता. घरात एक लेकरू आहेच, दुसरं कशाला, असं त्याच्या आईचं म्हणणं. दोन्हीकडच्या मोठ्यांचं असं छान जुळलं. जिचं काय ते तुटणार होतं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि सुरभी? तिच्यावर कोणी जबरदस्ती केली असं म्हणायला जागा नाही. तिनं हो म्हटलं होतं. शाम गेल्यापासून त्या घरात तिच्यासमोर सगळे हळू आवाजात बोलायचे, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसे. ती हसली तर बाया एकमेकींकडे बघायच्या. प्रफुल पाहायला आला तेव्हा पाइप-मोटारीच्या दुकानाबद्दल थोडं बोलला, गप्प बसला, आणि निघताना दारात थांबून म्हणाला, "तुम्ही जेवल्या का? आल्यापासून आमच्यातच धावून राह्यल्या." एवढंच. पण हे तिला कितीतरी दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की घासलेली भांडी तिनं परत घासायला काढली.

गुंजनला सांगायचा प्रयत्न तिनं केला नाही असं नाही. वेणी घालताना तोंड उघडलं तर पोरगी म्हणाली, "आई, निळी रिबीन लाव." जेवताना बोलायला गेली तर तिनं पोरीच्या ताटात आणखी भाकर वाढली. दर वेळी ती मनाशी म्हणायची, उद्या सांगू. आणि उद्या म्हणता म्हणता शुक्रवार उजाडला.

आता दुसरं कुठलं घर असतं तर कदाचित मैनाबाईची युक्ती चालूनही गेली असती. या घरात चालणार नव्हती, कारण या घरानं ती एकदा वापरली होती.

शाम गेला तो शेतातल्या तारेला चिकटून. रानडुकरं कपाशी-तूर उकरून टाकायची म्हणून त्यानंच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तार ओढून करंट सोडला होता. सकाळी करंट बंद करायला गेला, आणि पाय ओल्या मातीत होता. मारोतराव पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. गुंजन शाळेत होती. तिला शाळेतूनच परस्पर उचलून पांढरकवड्याला आत्याकडे नेलं. "तुह्या बाबाले यवतमाळच्या दवाखान्यात नेलं," असं सांगितलं. ही तानाबाईची अक्कल. लेकरानं बापाला तसं पाहू नये, एवढंच त्या माउलीच्या मनात होतं.

पांढरकवड्याला पोरीनं धोशा लावला, बाबासोबत फोनवर बोलायचं म्हणून. शेवटी आत्याच्या नवऱ्यानं काय करावं? तो शेजारच्या खोलीत गेला, दार लावलं आणि आवाज बदलून फोनवर बोलला, "बरा हाये मी, बेटा. तू रडू नको." त्यालाही वाटलं असेल की आपण चांगलं काम करून राहिलो. तेरवी झाल्यावर गुंजनला परत आणलं. गावात शिरताना बस थांब्यावर तिच्या वर्गातल्या एका पोरीनं तिला पाहिलं आणि लांबूनच ओरडून विचारलं, "तुहे बाबा मेले न वं?"

त्या दिवसापासून गुंजन फोनवर कोणाशीच बोलत नव्हती. फोन कानाला लावला की तिचे दात कडकड वाजायचे. आणि त्याच रात्री तिनं सुरभीला एकच वाक्य सांगितलं होतं, "मले आता खोटं नको सांगजो." सुरभीनं तिच्या डोक्यावर हात ठेवून "नाही सांगणार" म्हटलं होतं.

आणि तरीही शुक्रवारी संध्याकाळी तानाबाई तेच करायला निघाली. गुंजन ओट्यावर गृहपाठ करत बसली होती आणि तानाबाई तूर निवडता निवडता सहज बोलल्यासारखं बोलली, "उद्या दुपारी तुही आत्या येऊन राह्यली. तुले नेते दोन दिवस पांढरकवड्याले. आइसक्रीम खाजो, टीव्ही पाह्यजो."

गुंजनची पेन्सिल थांबली. ती उठली. आधी ती बाहेर खाटेवर बसलेल्या मारोतरावापाशी गेली आणि त्याच्या हाताला हात लावून आली. मग गोठ्यात डोकावली. मग आत येऊन चुलीपाशी बसलेल्या सुरभीच्या समोर उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे, गळ्याकडे, हातांकडे नीट बघू लागली.

"काय वं?" सुरभीनं विचारलं.

"आता कोण मेलं?"

तानाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "बाप्पा! काय बोलते हे पोरगी! कोणी नाही मेलं वं माय."

"मंग कोण मरणार हाये?" गुंजननं विचारलं. तिचा आवाज अगदी सरळ होता, दुकानात साखर आहे का विचारावं तसा. "मले कायले धाडून राह्यले?"

तानाबाई परत तूर पाखडू लागली. गुंजननं दप्तर आवरलं, आणि त्या संध्याकाळी ती सुरभीचा पदर सोडायला तयार नव्हती. पाणी आणायला, सरपण घ्यायला, सगळीकडे मागे मागे.

शनिवारी सकाळी सुरभीनं ठरवलं. "माय, मी गुंजनले घेऊन वावरात चालली," तिनं सासूला सांगितलं. "थोडा कापूस वेचतो."

"आज? लगनाच्या आदल्या दिवशी?"

"हो."

तानाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि काय ते समजली. तिनं अडवलं नाही, पण सोबत ये असंही कोणी म्हणू नये अशा घाईनं ती आत निघून गेली.

कापूस वेचताना प्रत्येकाची आपापली ओळ असते. हात बोंडावर, नजर हातावर. बाजूचा माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. गावातल्या बायांची अर्धी दुःखं अशीच कपाशीच्या ओळीत सांगून झालेली आहेत, कारण तिथं तोंडाकडे बघावं लागत नाही. सुरभीनं कमरेला ओटी बांधली, गुंजनला जुन्या ओढणीची छोटी ओटी बांधून दिली, आणि दोघी शेजारच्या ओळींना लागल्या. ओट्या अर्ध्या भरल्या.

"गुंजन."

"काय?"

"कोणी मेलं नाही. कोणी मरतही नाही."

"मंग?"

"उद्या माहं लगन हाये."

बाजूच्या ओळीतला आवाज थांबला. मग परत सुरू झाला.

"कोणासंग?"

"ढाणकीचे हायेत. मागं आलते न."

"ते पाइपवाले?"

"हो."

"मंग आपण ढाणकीले राहू?"

सुरभीला वाटलं, आत्ता धरणी दुभंगली तर बरं होईल. पण कपाशीच्या वावरात धरणी कोणासाठी दुभंगत नाही. "मी राहीन," ती म्हणाली. "तू इथं राहशीन. आजीपाशी, आबापाशी."

पुढचं उत्तर तिनं रात्रभर घोकून ठेवलं होतं. पोरगी 'काहून' म्हणेल, आणि मग सांगायचं की आजीनं ठरवलं, ढाणकीवाल्यांनी ठरवलं, माझ्या हातात काही नाही बेटा. त्यात खोटं फारसं नव्हतंही. पण गुंजननं 'काहून' विचारलंच नाही.

"तू हो म्हणली?"

सुरभीच्या हातातलं बोंड हातातच राहिलं. एक शब्द फिरवला असता तर ती सुटली असती. पोरीच्या नजरेत आजी वाईट झाली असती, ढाणकीवाले वाईट झाले असते, आई तेवढी चांगली राहिली असती.

"हो," ती म्हणाली. "मी हो म्हणलं."

"मले इचारलं काहून नाही?"

"भेव वाटलं. तू नको म्हणली असती तं माह्यानं जाणं झालं नसतं."

"मी नकोच म्हणलं असतं."

"मालूम हाये मले."

गुंजन वेचत राहिली. आता ती कापूस वेचत नव्हती, बोंडंच्या बोंडं ओरबाडत होती, पाल्यासकट, काडीसकट. बोंडाची टोकं बोटात घुसत होती आणि कापसावर लाल ठिपके पडत होते. मग ती मटकन ओळीतच बसली आणि रडायला लागली. लहान पोरं भोकाड पसरतात तसं नाही, तोंड दाबून, म्हाताऱ्या बाईसारखं. सुरभी झाडं बाजूला सारत तिच्यापाशी गेली, तर पोरीनं हात झटकला.

"हात नको लावू."

सुरभीनं हात मागे घेतला आणि तिच्या बाजूला ढेकळांवर बसून राहिली. समजावलं नाही, चूप हो म्हटलं नाही. ऊन वर आलं. सुरभीही रडली, आणि लेकरासमोर रडू नये असं कोणी सांगायला तिथं नव्हतं.

"मी रोज फोन करीन," शेवटी सुरभी म्हणाली.

"फोनवर मी नाही बोलत."

"तोंड दिसन असा करीन. व्हिडिओचा."

गुंजननं बराच विचार केला. "अन् हात हालवून दाखवजो," ती म्हणाली. "फोटो नाही पाह्यजे."

"दाखवीन."

"अन् मी आत्याकडं नाही जात. तू जाशीन तं मी पाहीन. बाबाले पाहू नाही देल्लं मले."

"पाह्यजो," सुरभी म्हणाली. मैनाबाईचा शकुन-अपशकुन तिला आठवला आणि तिनं तो त्याच ओळीत सोडून दिला.

घरी आल्यावर जे व्हायचं ते झालंच. मैनाबाईनं कपाळावर हात मारला. "सांगतलं? अन् वरून पाटाच्या वेळी उभी ठेवता पोरीले? पाहुणे काय म्हणतीन?" तानाबाई गुंजनच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत होती. तिनं पोरीचा हात उलटा करून बोटांवरचे ओरखडे पाहिले. मग म्हणाली, "मैनाबाई, उद्याचं वरण तुमच्याकडं. पोरगी इथंच राहीन. मागच्या खेपेले माह्यीच अक्कल गहाण पडलती." आणि तिनं पांढरकवड्याला फोन लावून लेकीला सांगितलं, की न्यायला येऊ नको, यायचं तर उद्या लग्नाला ये.

रविवारी ढाणकीची गाडी आली. अंगणात पाट मांडले. हार घातले गेले. गुंजन दाराच्या चौकटीला धरून उभी होती. निळी रिबीन तिनं स्वतःच बांधली होती, वाकडी. तिनं सगळं पाहिलं, पाहुण्या बायांचं बोलणं ऐकलं, पापणी न लववता, आणि आभाळ काही कोसळलं नाही. मारोतरावानं सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सुरभीनंच तो थोडा वेळ धरून ठेवला.

निघायची वेळ झाली. प्रफुल गाडी चालवायला पुढे बसला. सुरभी मागे बसली, आणि तिच्या शेजारी प्रफुलच्या आईनं झोपेतून उठवलेल्या छोट्या अंशूला आणून बसवलं. तो आल्यापासून गाडीतच झोपला होता. त्यानं डोळे चोळले आणि हळदी-कुंकवानं माखलेल्या या बाईकडे पाहू लागला.

"पाह्यलं?" प्रफुलची आई त्याला म्हणाली. "म्हणलं होतं न, मम्मी दवाखान्यातून बरी होऊन येईन? आली का नाही?"

सुरभीला हे कोणी सांगितलं नव्हतं. तिनं आरशात प्रफुलकडे पाहिलं. त्यानं नजर खाली घातली.

अंशूनं हात पुढे करून तिच्या बांगड्यांना बोट लावलं. "मम्मी," त्यानं विचारलं, "तुझं दुखणं गेलं?"

"ते तुही मम्मी नाही."

गुंजन खिडकीपाशी उभी होती. काच उघडीच होती. तिची हनुवटी जेमतेम काठापर्यंत पोचत होती. "तुही मम्मी मेली," ती त्या पोराला म्हणाली. रागानं नाही. तिला जसं कोणीतरी सांगायला पाहिजे होतं, तसं. "हे माही आई हाये."

"म्हणलं होतं न मी," अंगणातून मैनाबाईचा आवाज आला. प्रफुलच्या आईचा चेहरा उतरला. "लेकरू हाये ते, बाई," ती सुरभीच्या दंडाला धरून घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही नुसतं हो म्हणा. हो म्हणा न, संपलं."

अंशू सुरभीकडे बघत होता. खिडकीतून गुंजन बघत होती. नव्या घराची पायरी चढायच्या आधीच नवी सासू पहिली गोष्ट मागत होती, आणि गोष्ट एवढीशी होती. हो म्हटलं तर हे पोरगं आत्ता हसेल. आणि तिकडे खिडकीतली पोरगी काही न बोलता मागे सरकेल, आणि पुढं आईनं व्हिडिओत कितीही हात हलवला तरी तिला तो फोटोच वाटेल.

"नाही, बाळा," सुरभी म्हणाली. "गुंजन खरं सांगून राह्यली. मी तिची आई हाये. तुह्या मम्मीचं काय झालं ते मी तुले सांगीन. तू विचारशीन तवा सांगीन."

"अवो बाई!" प्रफुलची आई म्हणाली.

"माय, राहू दे," प्रफुल पुढून म्हणाला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्याचे कान लाल झाले होते.

अंशूला किती समजलं कोण जाणे. तीन वर्षांचं लेकरू ते. पण एवढं समजलं की ज्याची वाट पाहिली ते आलेलंच नाही. त्याचा ओठ खाली वळला आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, दोन्ही हात वर करून. सुरभीचे हात पुढे आले आणि मधेच थांबले. स्वतःची लेक खिडकीत उभी असताना दुसऱ्याचं लेकरू छातीशी कसं धरायचं? ती तशीच बसली, हात मांडीवर ठेवून, आणि तो रडत राहिला.

गुंजननं ते हात पाहिले. मग त्या पोराकडे पाहिलं.

"घे न त्याले, आई," ती म्हणाली. "लहान हाये तो."

सुरभीनं अंशूला उचललं. तो तिच्या खांद्यावर तोंड खुपसून आणखी जोरानं रडू लागला आणि ती त्याची पाठ थोपटू लागली, जशी थोपटायची सवय तिच्या हाताला या अंगणात लागली होती. गाडी हलली. तिनं मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. गुंजन होती तिथंच उभी होती, हात हलवत नव्हती. तेवढ्यात तानाबाई धावत आली, आणि नऊ वर्षांच्या त्या एवढ्या मोठ्या पोरीला तिनं लहान बाळासारखं कडेवर उचलून घेतलं. म्हातारीला ते वजन पेलत नव्हतं. गुंजनचे पाय पार खाली लोंबत होते.